मेणातला तुकडा

बाबांच्या दहाव्याला धरमपुरीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हात जोडून एकेक वचन देत होते आणि उन्हात माझं डोकं तापत होतं.

बाबा देवासच्या कारखान्यात फिटर होते. मशीनचं बेअरिंग जाणार हे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. त्यांच्या प्रोस्टेटच्या गाठीची चाल मात्र कुणालाच ओळखता आली नाही. पहिल्या तपासणीत ती संथ वाटली, डॉक्टर म्हणाले थांबून बघू, आणि तेवढ्यात ती हाडांत पोचली. मग इंदूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवायला मागितला. त्यात कुठली जनुकं जास्त काम करताहेत ते बघायचं होतं, म्हणजे कुणाची गाठ झपाट्याने वाढणार हे पुढेमागे आधीच कळेल. बाबा हसले. "ले लो साब, अब मेरे किस काम का."

घाटावर मी हे बोलून गेलो आणि काका भडकले. "देहाचा तुकडा दवाखान्यात ठेवलात, मग कावळा कसा शिवेल? परत आण तो!" मीही आवाज चढवला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना काका सारखी जीप थांबवून झाडाआड जात होते. प्रत्येक वेळी त्यांना फार वेळ लागत होता. देवास जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो तुकडा राहू दे तिथेच. त्यावरून सख्ख्या भावाचंही कळतं का रे?"