भाऊजींच्या हातातल्या चकत्या

कॅसिनोत जुगाराच्या टेबलावर नोटांऐवजी ज्या गोल प्लास्टिकच्या चकत्या मांडतात, त्यांना चिप्स म्हणतात. मी त्या गोळा करतो. पांढुर्ण्यात हे कोणाला सांगायची सोय नाही. हापिसात एकदा सांगून पाहिलं, तर बाजूच्या टेबलावरच्या बाबूंनी विचारलं, "कोणत्या? आलूच्या का केळाच्या?" खरं काय ते कळल्यावर त्यांनी आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवून घेतली.

मी स्वतः पत्ते खेळत नाही. मला खेळताच येत नाही. आमचे वडील शाळेत मास्तर होते आणि घरात पत्त्यांचा कॅट चालत नसे. आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी मित्राचा कॅट घरी आणला होता. वडिलांनी तो हातात घेतला, अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता, त्यात एकेक पान टाकलं आणि मला म्हणाले, "पाणी तापलं, जा अंघोळीले."

मला आवड लागली ती या चकत्यांच्या रंगांची. आधी जुनी नाणी होती माझ्याकडं. मग मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला, त्यात एक म्हातारा आपल्या संग्रहातल्या चकत्या उलटसुलट करून दाखवत होता. कडेला रंगीत पट्टे, मधे चित्र, प्रत्येक कॅसिनोची वेगळी. मी पेटीबंद संच मागवला. वर लिहिलेलं होतं, कॅसिनो-ग्रेड. चकत्या हातात जड लागायच्या आणि मला वाटायचं, जड म्हणजे अस्सल. त्यानंतर एका ऑनलाइन विकणाऱ्याकडून दहा चकत्या घेतल्या. परदेशातल्या बंद पडलेल्या कॅसिनोतल्या आहेत, असं त्यानं सांगितलं होतं. त्या मी नाण्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटांत एकेक करून ठेवल्या आणि पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बायको म्हणाली, "पोलीस आले तं मी माहेरी गेली आहे म्हणून सांगजा."

गेल्या हिवाळ्यातला शनिवार होता. रामाकोन्याहून ताई आणि भाऊजी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला आले होते आणि तिथून दुपारी आमच्याकडं जेवायला. भाऊजींची संत्र्याची बाग आहे. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. पोळ्याच्या दिवशी गावातली माणसं झाडाखाली पत्ते कुटत बसतात, तिथं भाऊजी थांबतसुद्धा नाहीत. लग्नाच्या आधी काही वर्षं ते गोव्याला एका हॉटेलात कामाला होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. वडिलांनी ताईसाठी त्यांना जामसांवलीच्या भंडाऱ्यात पंगत वाढताना पाहिलं आणि तिथंच पसंत केलं, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की माझ्या पोरीलाही पाठ आहे.

जेवणं झाली. आई आत आडवी झाली होती. मी पेटी समोरच्या खोलीत टेबलावर ठेवलेली होती आणि ती उचलायची विसरलो होतो. भाऊजींनी ती पाहिली. मला वाटलं, आता उठून जातील.

"उघडू का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पेटी उघडली, वीसेक चकत्या उचलल्या आणि टेबलावर दोन सारख्या चवडी केल्या. मोजल्या नाहीत, नुसतं बोट मधे घातलं आणि चवड बरोबर अर्ध्यात तुटली. मग एकाच हाताच्या पाच बोटांत त्यांनी त्या दोन्ही चवडी धरल्या, अंगठा वर दाबला, आणि चकत्या एकीत एक सरसर शिरून त्यांची पुन्हा एक चवड झाली. परत तोडली, परत मिसळली. कपाळाला मारुतीचा शेंदूर, मनगटाला लाल धागा, आणि खाली ते हात.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. मी वेड्यासारखं विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही कुठं शिकले?"

त्यांनी एक चकती उचलली. म्हणाले, "चुंबक आहे का घरी?"

फ्रिजवरचं आणून दिलं. त्यांनी ते चकतीला लावलं आणि चकती चिकटून वर आली.

"लोखंडाची चकती भरून आहे याच्यात. वजनासाठी. खेळण्याच्या दुकानातला माल आहे हा. लोकांले वाटते, जड म्हणजे खरी. आमच्या टेबलावरच्या याच्याहून हलक्या राहत."

"आमच्या टेबलावरच्या," हे मी ऐकलं, पण ते डोक्यात शिरायला वेळ लागला.

तोपर्यंत त्यांनी माझी पाकिटं हातात घेतली होती. एकेक चकती बाहेर काढून कडेवर नख फिरवत होते. "हा पट्टा पाहा. वरतून छापला आहे. खऱ्या चकतीत रंग आतपर्यंत जाते, कितीही झिजली तरी जात नाही. मधलं चित्र पाहा, कागद चिकटवला आहे, कोपरा सुटून राहिला. अन् खरी वापरलेली असंल तं कडा गोल झालेल्या राहतात, हजार हात लागलेले असतात. ह्या तं कोऱ्या आहेत." दहापैकी नऊ त्यांनी एका बाजूला सारल्या. दहावी जरा जास्त वेळ धरली, टेबलावर टाकून आवाज ऐकला आणि तीही नवांत सरकवली.

"नवीन माणसानं बंद पडलेल्या कॅसिनोचा माल घ्यायचाच नाही," ते म्हणाले. "पहिलं वर्षभर नुसतं हातात घेऊन पाहायचं. आपल्या हाताले कळलं पाहिजे."

मग त्यांनी पेटी बंद केली, दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि तळवे वर करून, मग पालथे करून समोर धरले. ही त्यांची सवय आम्ही वीस वर्षं पाहत आलो होतो. जेवून उठताना, बैठकीतून उठताना, ते असेच हात करायचे. मातीतला माणूस, हात झाडायची सवय, असं आम्ही समजत होतो.

"हे आम्हाले करा लागे," माझी नजर पाहून ते म्हणाले. "टेबल सोडताना. वर कॅमेरा राहे. हातात काही लपवलं नाही, हे दाखवा लागे."

"हॉटेलात?"

"हॉटेल नव्हतं ते. पाण्यावरची बोट होती. कॅसिनो. मी पत्ते वाटत होतो."

वीस वर्षं या माणसाच्या मी पाया पडत आलो होतो. माझ्या पोरीच्या बोबड्या वयात तिला मारुतीस्तोत्र शिकवणारा हा माणूस, आणि आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. मी विचारलं, "ताईले माहीत आहे?"

"तिले तं लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. तुमच्या बाबांनीच सांगतलं."

"बाबांले कसं माहीत?"

भाऊजींनी ट्रेमधला चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "ते माह्या टेबलावर येऊन बसले होते."

मला आठवलं. निवृत्त व्हायच्या आधी वडील शाळेतल्या मास्तर लोकांसोबत गोव्याला गेले होते. येताना काजू आणले होते आणि आईसाठी शंखांची माळ. समुद्र कसा आहे विचारलं तर म्हणाले होते, "मोठा आहे."

भाऊजी सांगत होते. बोटीच्या तिकिटातच जेवण होतं आणि थोड्या चकत्या फुकट मिळत. बाकीचे मास्तर जेवायला बसले, वडील फिरत फिरत टेबलाशी आले. एकेक करत चकत्या गेल्या, शेवटच्या एकीवर ते जिंकले. भाऊजींनी घाईत जास्तीच्या चकत्या त्यांच्याकडं सरकवल्या. वडिलांनी त्या पाहिल्या, जास्तीच्या तेवढ्या एका बोटानं परत ढकलल्या आणि म्हणाले, "पुन्हा मोज बाळा."

"टेबलावर हिंदी नाही तं इंग्रजीच बोला लागे," भाऊजी म्हणाले. "पण मी भेलो. तोंडातून निघून गेलं, काका, माहं चुकून राहिलं. त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, कुठचा रे तू? मी म्हटलं, रामाकोना, अन् बापाचं नाव सांगतलं. मंग मी आमच्या साहेबाले बोलावलं अन् माही चूक सांगतली. कॅमेऱ्यात तं दिसलीच असती, पण आधी मी सांगतली. तुमचे बाबा सारं पाहत होते. मंग उठून गेले."

दोन महिन्यांनी वडील रामाकोन्याला भाऊजींच्या घरी जाऊन पोचले. भाऊजींचे मायबाप पोरगा हॉटेलात आहे असंच समजत होते. वडिलांनी त्यांची समजूत तशीच राहू दिली. आमच्या घरी सांगायची भंडाऱ्याची गोष्ट त्यांनी तिथंच, त्यांच्या ओसरीवर बसून तयार केली. भाऊजी तेव्हा गोव्यातच होते, पंगत वाढायला नव्हतेच. बाग पाहायला माणूस पाहिजे होता, म्हणून वर्षभरात ते कायमचे परत आले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ताई भांडी पुसत होती. तिनं सारं ऐकलं होतं.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कॉलेजात होता तवा. चौकात जाऊन सांगून आला असता." मग ती थांबली. "बाबांनी मले सौसरच्या बसस्टँडवर रसवंतीत बसवून सांगतलं. म्हणाले, पोरगा असं असं काम करते. हात साफ आहे त्याचा. तुले नाही म्हणायचं असंल तं आत्ताच म्हण, मी कोणाले कारण सांगणार नाही."

"तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, बाबा, तुम्ही तिथं काय करून राहिले होते?"

"मंग?"

"रस संपवला. मंग म्हणाले, जेवाले गेलो होतो."

ती हसली. मला हसू आलं नाही. बंबात एकेक पान टाकणारा माणूस मला दिसत होता आणि त्याच माणसाचं चकती सारणारं बोट काही केल्या दिसत नव्हतं. भाऊजींचा राग आला नाही. ताईचा आला, थोडा. वडिलांचं काय करावं ते कळत नव्हतं. ते जाऊन सहा वर्षं झाली आहेत.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी पेटीला हात लावला नाही. एकदा आईजवळ बसलो असताना सहज म्हणून विचारलं, बाबांनी भाऊजींना पहिल्यांदा कुठं पाहिलं होतं? आईनं भंडाऱ्याची गोष्ट सांगितली. पंगतीत बुंदी कोणी वाढली, पोरानं म्हाताऱ्यांना आधी कसं वाढलं, सगळं. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि हो म्हटलं. वडिलांच्या त्या लबाडीत आता मीही होतो.

त्या दहा चकत्या विकणाऱ्याला मी परत पाठवल्या नाहीत. त्याला लिहिलं फक्त, की कडेवर नख फिरवून पाहा. त्याचं उत्तर आलं नाही. नागपूरला एक संग्राहक आहेत, त्यांच्याकडं रविवारी जातो. विकत काही घेत नाही. ते चकत्या समोर ठेवतात, मी डोळे मिटून हातात घेतो, कडेवर नख फिरवतो, टेबलावर टाकून ऐकतो. दोनदा फसलो, एकदा बरोबर निघालो. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे शिकवलं कोणी? मी म्हटलं, घरच्यांनी.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. संत्र्याचा तोडा सुरू होता, मागे मजुरांचा आवाज येत होता. म्हणाली, "बाबू, येशील तवा तुही ती पेटी घेऊन ये. ह्यांले पाह्यची आहे."

"त्यात तं सारा खोटा माल आहे, ताई."

"राहू दे. त्या दिवसापासून हे बोलून राहिले. बोटीचं, तिथल्या पोरांचं, पावसात बोट कशी हाले त्याचं. इतक्या वर्षांत मलेसुद्धा कधी सांगतलं नव्हतं."

रविवारी सकाळी मी पेटी पिशवीत घालून रामाकोन्याला जायला सौसरच्या बसमध्ये बसलो. खिडकीजवळच्या बाईंनी पाय जवळ घेतले, पिशवी ठेवायला जागा केली आणि विचारलं, "जड दिसते. काय आहे?"

"प्लास्टिक आहे," मी म्हटलं. "आत लोखंड भरून आहे."