बैलांचा सोमवार

मी सणसर सोडलं तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी पुण्यात नर्सिंगच्या कोर्सला हजर व्हायचं होतं. माझी लोखंडी पेटी फाट्यापर्यंत न्यायची होती आणि दारात बैलगाडी उभी होती. आबा म्हणाले, "आज सोमवार हाय. बैलं जुंपायची न्हाईत." सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचा. त्या दिवशी आपल्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मग आईनं चुंबळ केली आणि पेटी डोक्यावर घेतली. दादा, तू आणि आबा ओट्यावर बसून बघत होतात. बैल निवांत रवंथ करत होते. मुली घर सोडताना रडतात म्हणे. मला नुसता संताप आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

बैलांच्या सुट्टीबद्दल माझी तक्रार नाही. मुक्या जनावराला आठवड्यातून एक दिवस हात लावायचा नाही, हे ज्यानं ठरवलं तो भला माणूस. पण त्या दिवशी औत बंद म्हणून तुम्ही घरी, तुम्ही घरी म्हणून पाहुणे, आणि पाहुणे म्हणून चूल दिवसभर पेटलेली. आईला इतर वारांपेक्षा सोमवारीच जास्त राबावं लागायचं. ओट्यावरून हाक यायची, "च्या टाक गं," की ती उठलीच. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही.

पुण्यात मला वीकली ऑफ मिळाला. रोस्टरप्रमाणे कधी बुधवार, कधी शुक्रवार. लग्नानंतर मी त्या ऑफला काय करायचे? आठवड्याचे कपडे, डबे घासणं, नवऱ्याच्या मित्रांना जेवण. आईचाच सोमवार मी फ्लॅटमध्ये आणून मांडला होता. एका ऑफला मी गॅस पेटवलाच नाही. "मग खायचं काय?" नवऱ्यानं विचारलं. म्हटलं, कालची भाकरी आहे, दही आहे, तुला हात आहेत. चार दिवस धुसफुसला, मग खिचडी शिकला. आता माझ्या ऑफला मी लोळते, गॅलरीत बसते, फोन बंद ठेवते. तो दिवस मी कुणालाही देत नाही.

तुमच्याकडं बैल गेले, ट्रॅक्टर आला. आणि दादा, तू सोमवारी ट्रॅक्टरही शेडमधून काढत नाहीस! लोखंडाला विश्रांती. आईचे गुडघे सुजलेत, डॉक्टरांनी बसायला सांगितलंय, असं फोनवर म्हटलं तर तू म्हणालास, "तिला काय काम असतंय? बसूनच तर असती."

म्हणून मी गेल्या महिन्यात सोमवार बघूनच आले. वहिनीला तिच्या माहेरी, वडगाव निंबाळकरला धाडलं. स्वयंपाकघराला कडी घातली आणि दारात खुर्ची टाकून बसले. दुपारी आबा चिडले, "आमी काय उपाशी मरायचं व्हय?"

"आबा, बैलांनी कधी सोमवार मागितला होता का? तुम्हीच दिला ना?"

तू मोटारसायकल काढून वडापाव आणायला गेलास.

आई सोप्यात पाय पसरून बसली होती. थोड्या थोड्या वेळानं उठायला बघायची, मी नको म्हटलं की परत बसायची. शेवटी तिनं मला हळूच विचारलं, "बसून काय करत्यात गं?"

मला रडू फुटलं. सगळा जन्म त्या घरात काढला, आणि तिला हे विचारावं लागलं.

दादा, पुढच्या सोमवारी भाकरी तू थाप. नाही जमली तर उपाशी राहा. सणसरला माझं घर म्हणायची मला अजून फार हौस आहे. पण जोवर तिथं आईला एक वार मिळत नाही, तोवर ते तुमचं घर. मी तिथं पाहुणी, आणि आई तर पाहुणीसुद्धा नाही.