खाटेवरची सहावी-सातवी

पहिले माझी तक्रार ऐका, नमस्कार मागून करते. आपल्या मराठी मंडळाचे सचिव घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "आजी, बाईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात चार ओळी लिहून द्या. फक्त ते नातीच्या दोन वर्गांचं लिहू नका. ग्रंथाचं प्रकाशन तिच्या शाळेच्या मुख्याध्यापक साहेबांच्या हातून आहे, त्याईले वाईट वाटन." म्हटलं, मंग काय बाईंनी पापड लाटले म्हणून सत्कार करून राहिले? मी तिसरी शिकलेली बाई. जे झालं तेच मले लिहिता येते.

तर आता नमस्कार.

शकुंतलाबाई ठवकर मास्तरकीतून रिटायर होऊन आमच्या रुआबांध्याच्या गल्लीत राहायला आल्या. पहिली ओळख भांडणानंच झाली. गच्चीवर माझ्या कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या, त्यावर बाईंच्या ओल्या लुगड्याचं पाणी टपकलं. मी तोंड सोडलं. बाईंनी लुगडं काढलं, खाली बसल्या आणि एकेक वडी उलटून कोरड्या कपड्यावर मांडली. मग म्हणाल्या, "हं, आता बोला, मी ऐकते." ऐकून घेणाऱ्याशी काय भांडावं?

माझी नात खुशी सहावीत असताना स्कूटीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. दोनदा ऑपरेशन झालं आणि वर्ष खाटेवर गेलं. शाळेनं नाव कापलं. मैत्रिणी सातवीत गेल्या, हिले पुन्हा सहावीत बसायचं होतं. खाटेवरूनच खिडकीतून त्याईचे शाळेचे कपडे दिसले की रडे. बाई आल्या. त्यांनी तिचे डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "रडून झालं की त्या पोरींना हाक मार. आज काय शिकवलं, विचार." आणि मले म्हणाल्या, "हिची सहावी आणि सातवी याच वर्षी घरी करून घेते. पुढच्या साली ही आठवीत, आपल्याच पोरींजवळ बसेल."

"बाई, एका चुलीवर भाताचे दोन गंज?"

"जाळ आहे ना? मग शिजते."

बाईंची शिकवायची रीत न्यारी. पुस्तकं हिंदीची, आणि खुशी हिंदीत पोपटासारखी घडाघडा बोले. बाईंनी नियमच केला: धडा झाला की तो आजीला घरच्या बोलीत समजावायचा, पुस्तकातला एक शब्द चालणार नाही. आजीला कळला तरच पुढचा धडा.

म्हणजे परीक्षा घेणार कोण, तर मी. खुशी म्हणे, "आजी, झाड उन्हाच्या जोरावर पानात आपला सैपाक करते."

म्हटलं, "मंग सावलीतलं झाड उपाशी राह्यते का वं?"

पोरगी चिडली, "आजी, तू धडा ऐक ना, वकिली कावून करून राहिली?"

बाई दारात उभ्या होत्या. "धडा इथंच थांबला," म्हणाल्या. "आधी आजींना उत्तर दे." उत्तर सापडेपर्यंत त्यांनी पुढचं पान उलटू दिलं नाही.

दयामाया बाईंकडे नव्हती. एकदा अपूर्णांक चालले होते आणि माझा भात लागत होता. "समजलं, समजलं" म्हणत मी उठली. बाईंनी पदर धरला. "समजलं ना? मग अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती?"

"असन पाऊणच्या जवळपास."

"जवळपास चालत नाही. दोघीही नापास."

खुशी मले म्हणे, "आजी, तुझ्यापायी मी मागं रायली!" भात करपला. दुसऱ्या दिवशी तोच धडा पहिल्यापासून.

अशी दोन वर्गांची पुस्तकं संपली. बाईंनी सांगितल्यावर त्याच शाळेनं दोन्ही वर्गांचे पेपर घेतले. पोरगी काठी टेकत गेली अन् लिहून आली. शाळा उघडली, पण निकाल सांगत नाहीत. मुख्याध्यापक साहेब मले म्हणतात, "माताजी, एक साल में दो क्लास? ऐसा होता नहीं."

म्हटलं, "होता नहीं तो पेपर कायको लिया?" तर ते फोन पाहू लागले.

खुशी अजून घरीच आहे. गल्लीत कोणी म्हणते, बाईंनी घोकून घेतलं असन. घोकलेलं माझ्या डोक्यात शिरते का? दोघींच्या मधात मी बसली होती.

बाईंचे गुडघे दुखतात, तरी वर्षभर आमचा जिना चढल्या. शंभर वर्षं जगा, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मी म्हणते, बाईंचे गुडघे हलके राहोत, नजर साफ राहो, आणि आवाज आज आहे तसाच कडक राहो. तो आवाज ऐकायची गरज असणारे अजून पुष्कळ आहेत.

साहेबांना मराठी येत नाही. म्हणून सचिवजी, ग्रंथ त्यांच्या हाती दिला की तुम्ही मंचावर उभं राहून हे पान हिंदीत वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता. मग माइक त्यांच्यापुढे धरा. खुशी आठवीत बसणार की नाही? बाईंनी उत्तर द्यायचं नाही, त्यांचं काम झालं. खुशीनं द्यायचं नाही, तिनं पेपरात दिलं. तुम्ही मधात सावरायचं नाही. उत्तर साहेबच देतील.