कणकीचा गोळा धुतला तेव्हा

"बायोप्सीत आलंय. सिलियाक डिसीज," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले आणि मले हसू आलं. एखाद्या फॉरेनच्या बॉलरचं नाव सांगून राहिले असं वाटलं.

"हासतं काहून बे?" मायनं कोपर मारलं.

डॉक्टर शांत होते. ते दर वाक्याआधी नाक ओढून "हं, तर" म्हणतात. "हं, तर, गव्हात ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं. तुझं शरीर त्याच्याशी भांडतं, आणि त्या भांडणात तुझ्याच आतड्याचं नुकसान होतं. याला गोळी नाही. गहू बंद. आयुष्यभर."

आतड्याले आतून बारीक लव असते, तीच अन्नातला कस ओढून घेते. माझी लव झिजून सपाट झाली होती. म्हणजे मी खाऊन राहिलो होतो, पण अंगाले लागतच नव्हतं.

हे कळायले दोन वर्षं गेली. बारावीत पोट फुगे, दिवसातून पाचसहा डाव पळा लागे. पँट दोरीनं बांधून मी ग्यादरिंगमधे नकला केल्या, लोक दोरीलेच हसले. ती सालं कापसाची वाईट होती. पोरगं बारीक दिसलं की लोक समजत, घरी कर्जाची चिंता असन. बाबा अंजनगाव-अकोट लाइनवर काळीपिवळी जीप चालवत, तरी त्याईले लोक बाजूले घेऊन विचारत, "घरी बरं हाय न?" डॉक्टरबी टॉनिक देत. ज्वारी पेरणं तं गावात सुटलंच होतं. राशनचा गहू यायचा, दोन्ही येळ पोळ्या. मी टॉनिक प्यायचो आणि वरतून पोळी खायचो.

ज्याईले या टेस्टा करा लागतीन त्याईच्यासाठी सांगतो. टीटीजी म्हणजे रक्ताची टेस्ट, शरीर ग्लुटेनवर किती चिडलं ते तिच्यात दिसते. एन्डोस्कोपी म्हणजे तोंडातून पोटात कॅमेऱ्याची नळी. सिस्टर म्हणे, "गिळ बाळा, गिळ," जशी काई श्रीखंड भरवून राहिली. त्याच नळीतून आतड्याचा कणभर तुकडा घेतात, ते बायोप्सी. दुखत नाई, उबळ येते फक्त.

मी नळी गिळून राहिलो होतो तेव्हा माय बाहेर बाकड्यावर बसून गावच्या मारुतीले नवस बोलली. पोराले बरं वाटू दे, दर शनिवारी रोडगे करीन. रोडगे म्हणजे जाड कणकीचे गोळे, गोवऱ्यांवर भाजलेले, वरण आणि वांग्याच्या भाजीसंग. शनिवारी सारी गल्ली रोडगे खाय. मी नुसता वास घेऊन भाकर खाय.

घरात माझा तवा वेगळा, पिठाचा डबा वेगळा. सहा महिने मी बिस्किटाले हात लावला नाई. मग टीटीजी केली तं आकडा जागचा हलला नव्हता.

"हं, तर, बाहेर काय खातोस?"

"काई नाई, सर."

"समोसा? पावभाजी?"

मी मायची शपथ घेतली. पण मागच्याच खेपेले मी सिस्टरले या सरांची नक्कल करून दाखवली होती, आणि सर मागं उभे होते. अशा माणसाच्या शपथेले कोण विचारते? ते म्हणाले, "खरंच खात नसशील तर मला यापेक्षा वाईट आजाराची शंका घ्यावी लागेल. नागपूरला जाऊन पुन्हा बायोप्सी करू." रस्त्यानं बाबा म्हणे, "कोन्या टपरीवर खातं ते सांगून टाक. मी मारत नाई." मारलं असतं तं बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात शबानाताई सुट्टीत घरी आली. आमच्याच गल्लीतली, अकोल्याले मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करे. तिनं खमिरातून असे बॅक्टेरिया काढले होते, ज्याईचं एन्झाइम ग्लुटेन तोडते. एन्झाइम म्हणजे जिवंत पेशीत तयार होणारी बारकी कात्री. आपल्या पोटातल्या कात्र्या ग्लुटेनचे काही तुकडे तोडूच शकत नाईत, आणि शरीराचं भांडण त्याच तुकड्याईशी. बॅक्टेरियाची कात्री तेच तोडते.

मी पागल व्हायचा बाकी होतो. जगात माझ्या बाजूनं कोणी लढून राहिलं होतं आणि ते डोळ्याले दिसतबी नव्हतं. सोमवारी मायले घेऊन अकोल्याची तिची लॅब गाठली. मायले एकच हाव, ते औषध भेटलं तं पोरगा रोडगा खाईन.

ताईनं कणकीचे दोन गोळे काढले. एक साधा. दुसऱ्यात तिनं आदल्या दिवशी एन्झाइम घातलं होतं, तो सैल पडून धिरड्याच्या पिठासारखा झाला होता. दोन्ही तिनं नळाखाली धुतले. साध्यातलं पांढरं पाणी निघून गेलं आणि हातात रबरासारखा पिवळट गोळा उरला. दुसऱ्याचं काईच उरलं नाई, सारं वाहून गेलं.

"काकू, ये देखो. हेच ग्लुटेन."

मायनं तो गोळा घेतला. ताणला. सोडला. पुन्हा ताणला. पंचवीस वर्षं कणीक मळली, पण हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, मले एक बाटली दे, शनिवारी रोडगे खातो."

"अरे पगले, मशीनवर तपासलं तर यातही थोडं ग्लुटेन अजून दिसते. हे टेस्टट्यूबातलं काम आहे, औषध नाही. व्हायला वर्षं लागतील."

"थोडंसं उरलं तं चालते न?" मायनं विचारलं.

"नाही काकू. चिमूटभरही नाही."

मायनं गोळा टेबलावर ठेवला. पदरानं हात पुसले, पुसतच राहिली. मग माझ्याकडं न पाहता बोलली, "मी दर शनवारी रोडग्याचा चुरा त्याच्या भाकरीच्या पिठात टाकतो. पर्साद हाय म्हून. पर्सादानं काई होत नाई, असं वाटे मले."

ताई मशीनकडं पाहायले लागली. मले आधी राग आला. मग आठवलं, मी नळी गिळून राहिलो होतो तेव्हा बाहेर बाकड्यावर ती एकटीच होती.

अमरावतीले तिनं डॉक्टरले सोतः सांगितलं, भरल्या ओपीडीत. डॉक्टर नाक ओढायचं विसरले. "आई, तुमच्यामुळे नागपूर टळलं," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं पाहून, "सॉरी, मित्रा."

तीन महिन्यांनी टीटीजी निम्म्याच्या खाली आली. वजन चार किलो वाढलं, दोरी सुटली. मी तो कागद बसमधे कंडक्टरलेबी दाखवला. शबानाताईले मी अजूनबी फोन करतो, "तुह्या पोराईची तब्येत कशी हाय?" पोरं म्हणजे ते बॅक्टेरिया. ती म्हणते, खाऊन-पिऊन मस्त. ज्या दिवशी तिचं किंवा कोणाचंबी औषध तयार होईन, त्या लाइनीत पहिला मी. तवर ज्वारी. आणि तुमी खरं बोलून राहिले आणि रिपोर्ट तुमाले खोटं पाडत असन, तं घाबरू नका, घरातला एकेक डबा उघडून पाहा. भांडायले नाई, पाहायले.

मागच्या तपासणीले बाकड्यावर एक बाई बसली होती, संग दहा-अकरा वर्षांची पोरगी, हातात बायोप्सीचा कागद. बाई रडून राहिली होती. माय उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"घरी जाऊन कनकीचा गोया नयाखाली धुऊन पाह्य, बाई. समजन तुले. आन् कोनाचाबी पर्साद असो, इले देऊ नको. म्या देल्ला होता."