रविवारची नदी

पुलाखालचं नदीचं पाणी रोज सकाळी सातला मोजायचं, हे पट्टीकाकांचं एकतीस वर्षांचं काम. खांबाला सेंटीमीटरच्या रेघांची पट्टी ठोकलेली. ती वाचायची, आकडा वहीत लिहायचा. खात्याने त्या वह्या संगणकावर चढवून साऱ्या जगाला खुल्या केल्या, तेव्हापासून काका आरशात स्वतःकडे जरा आदराने बघायला लागले.

मग एक संशोधक पोरगी घरीच आली. पुराच्या अंदाजावरचा तिचा प्रबंध काकांच्या आकड्यांवर उभा होता.

"काका, तुमची नदी सोमवार ते शनिवार नेमकी शून्यावर नाहीतर पाचावर थांबते. एकशे पस्तीस, एकशे चाळीस. रविवारीच तेवढी एकशे सदतीस, एकशे बेचाळीस, वाट्टेल तिथे. रविवार गाळून टाकू का?"

"टाक. रविवारी मी झोपतो, ही जाते."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "बत्तीस पायऱ्या उतरून पट्टीला नाक लावते मी. हे वरच्या पायरीवरूनच ठरवतात."

"नजर बसलीय माझी."

"नजर बसलीय की बूड?"

पोरीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे गाळायचे तर काकांचे."

काकांची चार महिन्यांनी निवृत्ती, आणि आयुष्यभराचं म्हणून दाखवायला या वह्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. पोरीचाही प्रबंध सातातल्या एका दिवसावर यायला लागला.

तिनेच तोड काढली. "दोन महिने दोघांनी रोज वेगवेगळं मोजा. एकमेकांना सांगायचं नाही. काका, तुम्ही नेहमीसारखं वरूनच. तुम्ही किती चुकता ते कळलं, तर ती चूक धरून आकडे वापरता येतील."

दोन महिने घरात नदीचा विषय बंद. काकांनी एकदाच खडा टाकून बघितला.

"आज पाणी जरा चढलंय, नाही?"

"नदीला विचारा."

शेवटी पोरगी आलेख घेऊन आली. काका अडीच सेंटीमीटरच्या वर फारसे चुकत नव्हते. कधी जास्त, कधी कमी, महिन्याच्या सरासरीत सगळं फिटत होतं. आकडे राहणार होते.

काकांनी गल्लीभर सांगितलं, "शास्त्राने एकतीस वर्षं उकरली. निघाले किती? अडीच सेंटीमीटर."

आता आकड्यांसोबत वाचणाऱ्याचं नाव द्यायचं होतं. पोरीने विचारलं तसे काका म्हणाले, "लिही, मी आणि घरची मंडळी."

"तसं नको," काकू म्हणाल्या. "लिही, वाचन माझं. अंदाज घरच्या मंडळींचा."