गच्चीवरची मूळ संख्या
वरच्या खुर्चीतल्या माणसाने ‘चूक’ म्हटलं की तुम्ही स्वतः तपासून पाहता, की मान खाली घालता? गव्हाच्या चिकाचा गरम, आंबूस वास आला की मला आमची संग्रामपूरची गच्ची आठवते. ‘९९७३ ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही,’ असं ताई वर्गात म्हणाली, तेव्हा सरांनी ‘एवढ्या मोठ्या संख्येला भाग जातोच, तुला सापडत नाही,’ म्हणत तालुक्याच्या गणित स्पर्धेतून तिचं नाव काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोळशाने गच्चीभर भागाकार मांडत होती, आणि पलीकडे सातपुडा उन्हात निळा तरंगत होता. माय कुरडयांसाठी शिजवलेला चीक घेऊन वर आली. ‘काऊन वं, मी कुरडया काय तुह्या आकड्यायवर घालू?’ ‘माय, फक्त सत्त्याण्णव राह्यला.’ ‘अन् त्याच्या पुढचे हजारो?’ ‘त्यायचं कामच नाही. शंभराच्या वरच्यानं भाग गेला असता, त त्याचा जोडीदार शंभराच्या आतच सापडला असता.’ गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, तरी माय पातेल्यावर ताट झाकून शेजारी बसली. सत्त्याण्णवनेही बाकी उरली. ‘उद्या तुह्या सरले इथंच आण,’ माय म्हणाली, ‘तोवर मी झाडू लावत नाही.’ सर आले, कोळशाच्या ओळींवर वाकून बराच वेळ वाचत राहिले, आणि ताईचं नाव परत लागलं. अंगणातल्या खाटेवर घातलेल्या त्या वर्षीच्या कुरडया जाड, वाकड्या झाल्या; तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. तुमच्या घरातली मुलगी ‘भाग जात नाही’ म्हणाली, तर तिला कोळसा द्या, जागा द्या, आणि शेवटची बाकी येईपर्यंत चीक गार होऊ द्या.