वहिनीच्या पोटचा

“आधी एक ठरव बाबा, तू घसरलास का तुला पाडलं? दोन्ही एकदम नाही चालायचं.”

“घसरलो तेही खरं ताई, आणि लादी ओली ठेवून ती माणसं निघून गेली तेही खरं.”

“मग असंच सांग. आत गेल्यावर ‘पाय गेला, जन्म वाया गेला’ असली रड लावू नकोस. मला ती रड त्यांच्या भाषेत करावी लागते, आणि त्यांच्या भाषेत जन्म वाया जात नाही. नुसता पाय मोडतो.”

पायाला प्लास्टर घातलेला गडी हसला आणि बाकावर जरा सरकून बसला. त्याच्या पलीकडची पोरसवदा बाई याच संधीची वाट बघत होती.

“ताई, नवऱ्याला सोडलं तर मुलगी कुणाकडं राहते?”

“सोडते आहेस हे त्याला माहीत आहे का?”

“अजून नाही.”

“मग आधी आत वकीलबाईंना विचार, मग घरी जाऊन भांड. उलटं करू नकोस. आणि हे बघ, मी सल्ला देत नाही. माझं काम फक्त तोंडाचं.”

वकीलबाईंच्या कचेरीत बाहेरच्या खोलीत हे रोजचंच चालायचं. दुभाषीबाई सल्ला देत नाही म्हणायची, पण ते म्हणेपर्यंत देऊन झालेला असायचा. या परमुलखात ती लग्न होऊन आली तेव्हा तिला इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. एका धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता ती शिकली, म्हणून तिच्या बोलण्यात आधी शिव्या आल्या आणि व्याकरण मागून आलं. पुढं कुणी दवाखान्यात अडलं, कुणी कचेरीत अडलं, की तिला बोलावणं यायचं. होता होता तोच धंदा झाला. नवरा चेष्टेनं म्हणायचा, “आमची बायको दुतोंडी. एका तोंडानं ऐकते, दुसऱ्या तोंडानं बोलते, आणि घरी आली की दोन्हींनी भांडते.” तिला राग येत नसे. एकाच गोष्टीचा तिला ताठा होता. कुणी कसलाही आडवातिडवा शब्द टाकावा, तिनं तो पलीकडं पोचवला नाही असं कधी झालं नव्हतं. तळतळाट म्हणा, पान्हा म्हणा, उष्टं म्हणा, ती कुठून तरी वाट काढायची.

त्या दिवशी दुपारी तिला भट्टीवाल्याबरोबर परदेशी माणसांच्या कचेरीत जायचं होतं. भट्टीवाला पावाच्या कारखान्यात भट्टीवर असायचा. अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास. बरोबर त्याची म्हातारी. म्हातारीला मुलाकडं कायमचं राहायचं होतं, कारण तिकडं आता तिचं कुणी उरलं नव्हतं. घराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला होती. कायदा म्हणत होता की मुलानं आईला खुशाल ठेवून घ्यावं. पण तिथल्या साहेबाच्या कागदावर ती आई नव्हतीच. मागल्या खेपेला फोनवरच्या कुणा दुभाष्याकरवी विचारपूस झाली होती आणि साहेबानं टिपून घेतलं होतं की हा मनुष्य चौथीत असताना त्याची आई वारली, पुढं त्याच्या थोरल्या भावानं आणि भावजयीनं त्याला वाढवलं, आणि ही बाई म्हणजे ती भावजय. भावजयीला ठेवून घ्यायची तरतूद कायद्यात नव्हती.

“आज दुसऱ्यांदा विचारतील,” वकीलबाई म्हणाल्या. त्या इथल्याच, त्यांना आपली भाषा येत नव्हती. “आजही तेच आलं तर बाईंना परत जावं लागेल. जन्माचा दाखला नाही. रक्त तपासता येतं, पण त्याचा निकाल यायच्या आत यांची मुदत संपते. याला विचारा, हा असं बोललाच का?”

दुभाषीबाईनं विचारलं. भट्टीवाला रडकुंडीला आला.

“मी कुठं म्हणालो आई वारली म्हणून? म्हणजे म्हणालो. पण आई वारलीच ना.”

“आणि ही कोण?”

“ही वहिनी.”

“आणि तुला वाढवलं कुणी?”

“दादांनी आणि वहिनीनं. आई फार कडक होती, किल्ल्या सगळ्या तिच्याकडं असायच्या. आईसमोर दादासुद्धा मान वर करायचे नाहीत.”

वकीलबाई दुभाषीबाईकडं बघत राहिल्या, कारण दुभाषीबाई तोंडावर हात धरून हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसून आलं का कसं ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिला सगळं एका फटक्यात कळलं होतं. तिचं घरही असंच होतं. घरात आई एकच, जी सगळ्यात म्हातारी ती. तिची मुलं तिला आई म्हणायची, त्यांचं ऐकून नातवंडंही आई म्हणायची. बाकीच्या बायकांनी आपापली पोरं जन्माला घालायची आणि हाक मात्र दुसऱ्याच नात्यानं ऐकायची. थोरल्या चुलत्याची मुलं हिच्या आईला काकू म्हणत, म्हणून हीही तिला काकूच म्हणायची. बापाला अण्णा, कारण त्याचे धाकटे भाऊ त्याला अण्णा म्हणायचे. कोण कुणाच्या पोटचं याचा हिशेब फक्त आजारपणात व्हायचा. ताप चढला की जी उशाशी बसायची ती आपली. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, “काकू, तू माझी काकू का?” काकूनं भांडं विसळता विसळता सांगितलं, “तू आधी पाणी भरून आण, मग नातं लावू.”

ते लावायचं राहूनच गेलं. ती इकडं यायला निघाली त्या दिवशी गाडी दारात उभी होती, सगळं घर अंगणात जमलं होतं. तेव्हा तिला वाटलं, आज तरी म्हणावं. ती धीर करून म्हणाली, “आई, येते.” काकूनं चटकन मागं वळून बघितलं. सासू जाऊन किती वर्षं झाली होती, तरी तिला वाटलं सासूच मागं उभी आहे. मग दोघीही ओशाळल्या. काकू म्हणाली, “पोचल्यावर कळव,” आणि आत निघून गेली. तो शब्द तिनं पुन्हा कधी काढला नाही, आणि आता काढायला काकूही नव्हती. इथं तिची स्वतःची मुलगी तिला आई म्हणते. अगदी नियमात. पण तशा हाकेनं कधी मागं वळून बघावंसं वाटत नाही, आणि तो रेटारेटीचा, कोण कुणाचं ते न कळणारा वाडाभर संसार कुठं गेला ते तिलाही कळत नाही.

वकीलबाईंना तिनं हे सगळं समजावलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

“मग तुम्ही साहेबांना हेच सांगा ना ताई,” भट्टीवाला म्हणाला.

“मी सांगितलं तर दुभाष्यानं साक्ष दिली असं होतं. वकीलबाईंनी सांगितलं तर वकिलानं पढवलं असं होतं. तुमच्या तोंडून आलं तरच खरं.”

वकीलबाईंनी सोपा तोडगा काढला. आत गेल्यावर ‘वहिनी’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. आई म्हणायचं. भट्टीवाला वाटभर पुटपुटत राहिला, “आई, आई, आई.” म्हातारी म्हणाली, “काय दुखतंय रे तुझं?”

साहेबाची खोली लहान होती. मेज, पाण्याचा जग, प्लास्टिकचं झाड. साहेब मध्यम वयाचा, लोकरीचा गळाबंद स्वेटर घातलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. दुभाषीबाईनं नेहमीसारखी शपथ घेतली, जे ऐकीन तेच सांगीन, पदरचं घालणार नाही, गाळणार नाही. म्हातारीनं खुर्चीवरच मांडी घातली.

“या बाई कोण?” साहेबानं विचारलं.

“आई,” भट्टीवाला म्हणाला. शब्द जड गेला, पण निघाला.

“त्यांना जरा पुढं सरकायला सांगा. मला त्यांचं नीट ऐकू आलं पाहिजे.”

भट्टीवाला वळला. “आई, जरा पुढं सरक.”

म्हातारीनं मांडी मोडली, पाय खाली घेतले, अंग चोरून ताठ बसली आणि दाराकडं बघितलं. खुर्ची काही हलली नाही. दुभाषीबाईला ते बघणं ओळखीचं होतं.

साहेबानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“आई, तुला सांगतोय मी,” भट्टीवाला म्हणाला.

म्हातारी दाराकडंच बघत होती.

भट्टीवाल्याला घाम फुटला. भट्टीसमोर उभं राहून ज्याला फुटत नाही त्याला तिथं फुटला. “अगं वहिनी, तुलाच. सरक ना पुढं.”

“मग तसं सांग की,” म्हातारी म्हणाली आणि खुर्चीसकट मेजाला येऊन टेकली.

“ते दोघं काय म्हणाले?” साहेबानं दुभाषीबाईला विचारलं.

आता आली पंचाईत. शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘भावाची बायको’ म्हणायला हवं, की झालं, म्हातारीचं तिकीट तिनंच काढलं. ‘आई’ म्हणावं तर शपथ मोडते, कारण आई तो आधी म्हणाला होता आणि आता म्हणालेला शब्द दुसराच होता, ते साहेबानंही ऐकलं होतं. फोनवरच्या त्या पोराला तिनं सकाळपासून मनात शिव्या दिल्या होत्या. तिथं बसल्यावर तिला पटलं की त्याचं काही चुकलं नव्हतं. वहिनी म्हणजे भावाची बायको. कुठल्याही कोशात बघा.

जन्मात पहिल्यांदा तिनं शब्द होता तसा उचलला आणि पलीकडं ठेवला.

“ते म्हणाले, ‘अगं वहिनी, तुलाच सांगतोय, पुढं सरक.’ त्या म्हणाल्या, ‘मग तसं सांग की.’”

“वहिनी म्हणजे?”

“ती त्यांची यांना मारायची हाक आहे, साहेब. शब्दाला अर्थ एकाहून जास्त आहेत. यांच्या घरात कुठला, ते मी सांगितलं तर माझी साक्ष होईल. तुम्ही त्यांना विचारा.”

साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग म्हातारीकडं वळला. “वहिनी?” उच्चार वाकडातिकडा होता, हेल भलतीकडंच.

“काय हो?” म्हातारी लगेच म्हणाली.

“हा तुम्हाला वहिनी का म्हणतो?”

“सवय,” म्हातारी म्हणाली. “माझे दीर म्हणायचे. घरात तीन दीर, दिवसभर वहिनी पाणी दे, वहिनी वाढ, वहिनी सदरा कुठाय. हा पाळण्यात पडून तेच ऐकायचा. पहिल्यांदा तोंड उघडलं ते वहिनी म्हणून. मला वाटलं सुधारेल. अजून सुधारतोय.”

दुभाषीबाई शब्दामागं शब्द पोचवत होती आणि आवाज सरळ ठेवत होती.

“तुम्ही सुधारलं नाहीत?”

“कशी सुधारणार? आई सासूबाई होत्या. एका घरात दोन आया झाल्या तर हाकेला ओ कुणी द्यायची? एकदा हा पडला नि ‘आई गं’ म्हणून ओरडला, तर सासूबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, पोराला कुणी शिकवलं हे. तेव्हापासून मी नाद सोडला.”

“मग दादा कोण?”

“आमचे हे. याचे वडील. दीर त्यांना दादा म्हणायचे.” म्हातारी साहेबाकडं जरा कीव आल्यासारखी बघायला लागली. “तुमच्या घरात दीर नव्हते का कुणी?”

“हा तुमच्या पोटचा?”

“मग काय शेजारच्यांचा? आडवा आला होता. सुईण म्हणाली, एक तरी जाणार. सासूबाई रात्रभर उंबऱ्यात बसून होत्या, त्यांनी किल्ल्या खाली ठेवल्या त्या तेवढ्याच वेळी. पुढं जन्मभर मला ऐकवत होत्या, तुझ्यापायी माझी कंबर धरली.”

साहेबानं भट्टीवाल्याला विचारलं, “तुम्ही चौथीत असताना कोण वारलं?”

“आई.”

“कुठली?”

“किल्ल्यावाली,” भट्टीवाला म्हणाला. “दादांची आई.”

साहेबानं मागला कागद काढला, त्यावरच्या ओळी खोडल्या आणि दुभाषीबाईला म्हणाला, “तो शब्द जरा सावकाश सांगा.” तिनं सांगितला. त्यानं तो आपल्या लिपीत लिहिला, पुढं आडवी रेघ मारली आणि रेघेपलीकडं लिहिलं, आई. मग शिक्का मारला. म्हणाला, “कागद घरी येईल. तोवर बाईंनी कुठं जायचं कारण नाही.”

बाहेर आल्यावर भट्टीवाला भिंतीला टेकून नुसता उभा राहिला. म्हातारी त्याला म्हणाली, “पुन्हा मला आई म्हणू नकोस बाबा. छातीत धस्स झालं. वाटलं, सासूबाई आल्या, आणि मी खुर्चीवर बसलेली.” मग ती दुभाषीबाईकडं वळली. “तू गं? तू तुझ्या आईला काय म्हणायचीस?”

“काकू.”

“मोठं घर होतं म्हणजे,” म्हातारी म्हणाली आणि तिचा हात धरून जिना उतरली.

कचेरीत परत आली तर बाक तसाच भरलेला होता. नवऱ्याला सोडणारी आत वकीलबाईंच्या दारात उभी होती. प्लास्टरवाला पाय लांब करून पेंगत होता. दुभाषीबाई पाणी प्यायली, तिनं पदर खोचला आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

“चल ऊठ. आत बोलावलंय. आणि नीट आठवून ठेव, लादी ओली कुणी केली होती?”